चिचबिलाईपासून शेलवटापर्यंत: नागपूरच्या रस्त्याकडेची फळझाडं ओळखायची आणि वेचायची कशी

नागपूरला संत्र्याचं शहर म्हणतात, पण रस्त्याच्या कडेला संत्र्याचं झाड शोधायला निघालात तर हात हलवत परत याल. संत्रा काटोल, नरखेड, वरूडच्या बागांमधला. शहरातल्या रस्त्यांवर जे फळतं ते वेगळंच असतं: चिचबिलाई (विलायती चिंच), शेलवट (भोकर), कवठ, देशी बदाम, बकुळ, शिंदी, उंबर, जांभूळ. बाजारात यातलं एखाददुसरं क्वचित दिसतं, बाकीचं झाडाखालीच सडून जातं.

हा लेख नोकरी-शिक्षणासाठी शहरात नव्यानं आलेल्यांसाठी आहे, आणि इथंच वाढून कधी मान वर करून न पाहिलेल्यांसाठीही. क्रम मोडू नका. पायरी ४ वाचल्याशिवाय काहीही तोंडात टाकू नका.

## १. आधी एक गल्ली निवडा

शहरभर फिरून झाडं शोधण्यापेक्षा घराजवळचा अर्धा-पाऊण किलोमीटरचा पट्टा धरा आणि तो वर्षभर पाहा. धरमपेठ, रामदासपेठ, शंकरनगर, लक्ष्मीनगर, बजाजनगर अशा जुन्या लेआउटमधले आतले रस्ते किंवा सिव्हिल लाइन्सचा परिसर सुरुवातीला सोपा जातो, कारण तिथं झाडं मोठी आणि जाती बऱ्याच. सेमिनरी हिल्स आणि अंबाझरीकडे रानातली झाडं जास्त आहेत, पण ती दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासाला ठेवा.

वर्षभर का? फळ असतं दोन-तीन आठवडे, झाड मात्र बारा महिने उभं असतं. फळ पाहून झाड ओळखणारा माणूस फसतो. पान, साल आणि फूल आधी पाहून ठेवलेल्याला फळ आलं की विचारावं लागत नाही. मोबाइलमध्ये प्रत्येक झाडाचे चार फोटो ठेवा: पूर्ण झाड, खोडाची साल, पानाची वरची आणि खालची बाजू, फूल. फोटोच्या नावात महिना आणि जवळची खूण लिहा.

नागपुरी मोसम साधारण असा चालतो:

- डिसेंबर ते फेब्रुवारी: बोरं, कवठ
- फेब्रुवारी-मार्च: चिंच, कवठाचा शेवट, बंगल्यांच्या कुंपणातली तुती
- मार्च ते मे: चिचबिलाई, कच्ची शेलवटं, बेलफळ
- मे-जून: करवंदं, जांभळं, शिंदीची फळं, पिकलेली शेलवटं
- सप्टेंबर ते नोव्हेंबर: सीताफळं

उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि नेमकी तेव्हाच निम्मी झाडं फळांनी लदलेली असतात. सकाळी साडेपाच ते आठ, एवढीच वेळ कामाची. दुपारी वेचलेलं फळ घरी पोचेपर्यंत उकडून निघतं आणि वेचणाराही.

## २. सोबत काय न्यायचं

- जुनी सुती चादर (जांभूळ आणि सिंगापूर चेरीसाठी, पॉलिथिनवर फळ घसरून चिरडतं)
- दोन कापडी पिशव्या आणि एक कडक डबा. मऊ फळ पिशवीत टाकलं की घरी रस पोचतो, फळ नाही.
- ७-८ फुटांची कोरड्या बांबूची आकडी. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची नको. रस्त्यावरच्या बहुतेक झाडांमधून विजेच्या तारा गेलेल्या असतात.
- जाड हातमोजे: चिचबिलाई, कवठ, बेल आणि करवंदाला काटे असतात
- पुडीत मीठ, छोटा चाकू, पाण्याची बाटली

झाडावर चढायचं नाही. जांभळाची फांदी जाड दिसते आणि एकदम मोडते, सिंगापूर चेरीची तर हातानंही मोडते. पहिल्या पावसानंतर सालीवर शेवाळ धरतं, तेव्हा आकडीसुद्धा घरी ठेवा.

## ३. झाडं ओळखा

चिचबिलाई. पुण्या-मुंबईकडचे हिला विलायती चिंच म्हणतात, हिंदीत जंगल जलेबी. झाड मूळचं मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचं, पण विदर्भाच्या उन्हाला असं सरावलंय की परकं वाटत नाही. जुन्या कुंपणांच्या आणि मोकळ्या प्लॉटच्या कडेला हमखास सापडतं.

ओळख पानावरून करा. एका देठाला दोन फाटे, प्रत्येक फाट्याला दोन पानं, म्हणजे चार पानांचा संच. देठाच्या मुळाशी काट्यांची जोडी. शेंग जिलबीसारखी वळते, आधी हिरवी असते, मग तिच्यावर गुलाबी झाक चढते आणि झाडावरच उकलते. आत काळ्या बीभोवती पांढरा किंवा गुलाबी गर. खायचा तो हाच गर, बी थुंकायची.

नवखे लोक चूक करतात ती हिरवी, घट्ट मिटलेली शेंग तोडण्याची. तिचा गर तुरट लागतो आणि घशाला बसतो. शेंग एका कडेनं जेमतेम उकलू लागली आणि आत गुलाबी दिसलं की तोडा. पूर्ण उकललेल्या शेंगा पोपट आणि खारी तुमच्याआधी रिकाम्या करतात, उरलेल्यात मुंग्या आणि अळ्या असतात. म्हणून गर नखानं उचकून, बी बाजूला करून एकदा नजर टाका. गोड गरसुद्धा मूठभराच्या पुढे खाल्ला तर घसा धरतो. वर पाणी प्या.

शेलवट. म्हणजे भोकर. पान रुंद, गोलसर, हाताला खरबरीत. खोड बहुधा वाकडं, साल करडी, उभ्या चिरांची. फळ बोराएवढं, घोसात येतं, प्रत्येक फळाच्या बुडाला टोपीसारखा देठ. कच्चं असताना हिरवं आणि कडक, पिकल्यावर फिकट गुलाबी-पिवळं आणि आत निव्वळ डिंक. पूर्वी कागद चिकटवायला हाच वापरत.

पिकलेलं शेलवट गोड असतं, पण बोटांना, ओठांना, पिशवीला सगळीकडे चिकटतं. खरी किंमत कच्च्याला आहे, लोणच्यासाठी. एप्रिल-मेमध्ये फळ टणक असतानाच तोडा. नखानं दाबल्यावर खड्डा पडला तर उशीर झाला. कृती पायरी ६ मध्ये आहे.

कवठ आणि बेल. दोन्हींचं कवच लाकडी, दोन्हींना काटे, म्हणून गोंधळ. बेलाला तीन पानांचं त्रिदळ असतं. कवठाच्या देठावर पाच ते सात लहान पानं असतात, देठ दोन्ही कडांनी थोडा चपटा पसरलेला, आणि पान चुरगळलं की सुवास येतो. बेलाचं फळ गुळगुळीत, कवठ खरबरीत आणि पांढुरकं.

कवठ पिकलंय का, हे बाहेरून कळत नाही. फूटभर उंचीवरून फरशीवर सोडा. चेंडूसारखं उसळलं तर कच्चं, ठप्पकन बसलं तर पिकलेलं. कच्चं असेल तर धान्यात पुरून आठ-दहा दिवस ठेवा. भोक पडलेलं कवठ आतून काळं निघतं, ते उचलूच नका.

देशी बदाम. फांद्या मजल्यांसारख्या आडव्या पसरतात, पानं वीतभर, गळण्याआधी लालभडक होतात. फळ बदामाच्या आकाराचं, कडेला उंचवटा. वरचा गर पिकल्यावर खाता येतो, पण खरा माल आतली बारीक गिरी. ताज्या फळातून ती काढायला जाऊ नका. फळं आठ-दहा दिवस उन्हात वाळवा, मग दगडावर उभी धरून त्या उंचवट्यावरच बत्ता मारा. आडव्यावर मारलं तर गिरीचा भुगा होतो. पन्नास फळांमागे जेमतेम वाटीचा तळ झाकतो, हे आधीच सांगितलेलं बरं.

सिंगापूर चेरी. पसरलेल्या छत्रीसारखं झाड, पान खालून लवदार आणि हाताला किंचित चिकट, फूल पांढरं, फळ वाटाण्याहून मोठं, लाल. आत साखरेच्या पाकात खसखस टाकल्यासारखं बी. फळं जवळजवळ वर्षभर येत राहतात. साठवता येत नाही, झाडाखालीच खायचं. संध्याकाळी वटवाघळं येतात, म्हणून पहाटेचं फळ नीट पाहा. कुरतडलेलं, चिरलेलं, चावा घेतलेलं सोडून द्या.

बकुळ. फुलांसाठी लावतात, फळाकडे कुणी बघत नाही. ते नारिंगी, लांबट गोल, आत एकच चपटी तपकिरी बी. गर पिठूळ, गोडसर आणि तुरट. दोन-चार खाल्ली की जीभ सुकते, पोट्टे मात्र आवडीनं खातात.

शिंदी नाल्यांच्या आणि मोकळ्या जागांच्या कडेला. फळ म्हणजे खारकेचं गरीब भावंड: गर पातळ, बी मोठी. पिवळं असताना घशाला धरतं, तपकिरी झाल्यावर गोड. पानांची टोकं सुईसारखी असतात, डोळे सांभाळा.

उंबर खोडालाच लगडतो. पिकलेला लाल उंबर खाण्याआधी उघडून पाहायचाच. आत बारीक किडे असणं हा त्याचा स्वभाव आहे, दोष नाही. शाकाहार कडक पाळणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये.

जांभूळ सगळे ओळखतात. एवढंच सांगतो: हलक्या रंगाचे कपडे घालू नका आणि झाडाखाली गाडी लावू नका.

उन्हाळ्यात रस्त्याकडेला टोपल्या मांडून बसलेल्या बायांकडे टेंभरं (तेंदूची फळं), चारं (चारोळीची फळं), खिरण्या मिळतात. तो माल बहुतेक जंगलातून येतो. शहरातल्या रस्त्यावर ती झाडं शोधण्यात सकाळ घालवू नका, विकत घ्या.

## ४. हे कधीच तोंडात टाकू नका

ही पायरी मुलांनाही दाखवा, झाडाजवळ नेऊन.

बिट्टी, म्हणजे पिवळा कण्हेर. रस्ता दुभाजकांवर आणि बंगल्यांच्या कुंपणाला सर्रास लावतात, कारण जनावर तोंड लावत नाही आणि पाणी कमी लागतं. पान अरुंद, लांब, चकचकीत. तोडलं की पांढरा चीक. फूल पिवळं, कर्ण्यासारखं. फळ हिरवं, तुकतुकीत, मधोमध धार असलेलं, वाळल्यावर काळं पडतं. आतली कडक बी मुलं खेळायला घेतात. विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर काम करतं आणि लहान मुलाला थोड्याच बियाही जिवावर बेतू शकतात. रस्त्यावरच्या झाडांपैकी एकच झाड मुलाला शिकवायचं असेल तर हे शिकवा.

चंद्रज्योत, म्हणजे मोगली एरंड. मोकळ्या प्लॉटच्या कुंपणाला. फळ हिरवं, मग पिवळं, मग काळं, आत तीन बिया. धोका असा की बी चवीला वाईट लागत नाही, शेंगदाण्यासारखी वाटते, म्हणून मुलं एकमेकांना वाटून खातात. मग सगळ्यांना एकदम उलट्या-जुलाब.

बकाण निंब. कडुनिंबाचा भाऊ दिसतो. कडुनिंबाचं पान एकाच देठावर दोन्हीकडे पातींचं असतं, बकाणाच्या देठाला पुन्हा फाटे फुटतात. फुलं जांभळट. फळ गोल, पिवळं, पानं गळून गेल्यावरही घोसानं लटकत राहतं. निंबोळी समजून उचलू नका.

घाणेरीची हिरवी फळं आणि गुंजेचा काळ्या डोळ्याचा लाल मणी हेही याच यादीत. धोतऱ्याचं काटेरी बोंड वेगळं सांगायला नको.

सीताफळ खायचंच, पण बी फोडू नका. बियांची भुकटी डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते.

कुणी विषारी फळ खाल्लंच, तर घरी मीठपाणी पाजून ओकारी काढायच्या नादी लागू नका. १०८ ला फोन करा किंवा सरळ दवाखाना गाठा. उरलेलं फळ, बी, पानासकट डहाळी पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. किती वाजता आणि किती खाल्लं, तेही सांगा. मूल खेळतंय, बरं दिसतंय, म्हणून थांबू नका. बिट्टीचा परिणाम उशिरा दिसू शकतो.

## ५. कुठून वेचायचं, कुठून नाही

फळाला कवच असेल (कवठ, बेल, चिंच) तर रस्त्याची धूळ फारशी आड येत नाही. पातळ सालीची फळं (जांभूळ, चेरी, तुती) मात्र आतल्या, कमी रहदारीच्या गल्लीतूनच घ्या. वर्धा रोड किंवा अमरावती रोडच्या कडेचं जांभूळ धुऊनही धुतलं जात नाही. नाल्याच्या काठी जमिनीवर पडलेलं फळ नको. डासांसाठी धुरळणी झाली असेल तर एक-दोन पाऊस किंवा आठवडाभर जाऊ द्या.

मालकीचं सांगायचं तर, रस्त्यावरचं झाड महानगरपालिकेचं, कुंपणातलं घरमालकाचं, मग फांदी रस्त्यावर आलेली का असेना. दारावरची बेल वाजवून विचारा. "काकू, शेलवटं काढली तर चालेल का? निम्मी तुम्हाला देतो," एवढं म्हटलं की बहुतेक वेळा शिडीसुद्धा मिळते. मोठ्या रस्त्यांवरच्या चिंच-आंब्यांचा बहर कधी कधी लिलावानं दिलेला असतो. राखण बसलेली दिसली तर वाद घालू नका.

मूठभर फळ वेचल्याबद्दल कुणी अडवणार नाही, फांदी मोडणं मात्र वेगळं. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ मध्ये झाड तोडणं म्हणजे फक्त बुंध्यावर कुऱ्हाड नव्हे. जाळणं, छाटणं, कुठल्याही प्रकारे इजा करणं त्यात येतं.

## ६. घरी आल्यावर

मऊ फळं मिठाच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवा, किडे वर येतात. मग दोनदा साध्या पाण्यातून काढा. जांभूळ धुतल्यावर दोन दिवसांच्या पुढे टिकत नाही, म्हणून खायच्या वेळीच धुवा.

कवठाची चटणी पाच मिनिटांची: गर, त्याच्या निम्मा गूळ, जिरं, तिखट, मीठ, एकत्र वाटा. बिया काढत बसू नका.

शेलवटाच्या लोणच्यात नव्या लोकांचा हात बिघडतो, म्हणून जरा सविस्तर.

एक किलो कडक शेलवटं धुऊन पूर्ण कोरडी करा. टोप्या काढा. खलबत्त्याच्या दांड्यानं हलकेच ठोकून फळ उकलवा, दोन तुकडे नकोत. बोटं मिठात बुडवा आणि बी काढा. काडीचं टोक मिठात घोळवून वापरलं तर आणखी सोपं. मीठ लागलं की डिंक हाताला चिकटत नाही. कोरड्या हातानं सुरुवात केली तर दहाव्या फळाला बोटं एकमेकांना चिकटतात आणि माणूस काम सोडतो. बी काढलेलं फळ लगेच मीठ-हळदीच्या आंबट ताकात टाका, नाही तर काळं पडतं. दोन दिवस ताकात ठेवून निथळा आणि कापडावर सावलीत सुकवा.

मसाला: अर्धा किलो किसलेली कैरी, १५० ग्रॅम मीठ, १०० ग्रॅम मोहरीची डाळ, ५० ग्रॅम तिखट, एक चमचा भाजलेल्या मेथीची पूड, दोन चमचे हळद, हिंग. ३०० मिली तेल कडकडीत तापवून पूर्ण गार करून ओता. आठवड्यानं खायला घ्या. लोणचं तार धरू लागलं तर समजा, फळ कोरडं नव्हतं किंवा आधीच पिकलेलं होतं. फळ काळं पडलं तर ताकात टाकायला उशीर झाला.

## ७. घरासमोर झाड लावायचं असेल तर

रस्त्याच्या कडेला लावण्याआधी महानगरपालिकेच्या झोन कार्यालयात, उद्यान विभागाला लेखी विचारा. खाली पाण्याची, गटाराची, केबलची लाइन आहे का, हे तिथूनच कळतं. न विचारता लावलेलं झाड पुढच्या खोदकामात पहिलं जातं.

जागेप्रमाणे जात निवडा. वर तारा असतील तर करवंद किंवा तुती, छाटून बुटकी ठेवता येते. मध्यम जागेला शेलवट किंवा बकुळ. जांभळाला किमान वीस फूट मोकळी रुंदी हवी. कवठ बीपासून लावलं तर फळाला दहा-बारा वर्षं धरून चाला. शेलवट आणि चिचबिलाई चौथ्या-पाचव्या वर्षी बोलू लागतात, सिंगापूर चेरी दुसऱ्याच वर्षी, पण ती तेवढ्याच लवकर वादळात पडते.

खड्डा मे महिन्यात खणा, २ × २ × २ फूट, आणि तापू द्या. आपली काळी माती पावसात पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते, मुळं दोन्हीकडून मरतात. म्हणून खणलेली माती दोन भाग, कुजलेलं शेणखत एक भाग, मुरूम किंवा जाड रेती एक भाग, आणि वाळवीसाठी अर्धा किलो निंबोळी पेंड. दोन-तीन दमदार पाऊस झाले की जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत लावा. ऑगस्टमध्ये लावलेल्या रोपाला मुळं धरायला वेळ कमी पडतो.

रोप पाच-सहा फुटी घ्या आणि जाळी पक्की लावा. शेळ्या मोहल्ल्यातल्या असतात, जाळीची खालची तार मोकळी राहिली की एका दुपारीत रोप साफ. पहिली दोन वर्षं मार्च ते जून आठवड्यातून दोनदा १५-२० लिटर पाणी, आळ्यात पालापाचोळ्याचं आच्छादन. रस्ता सिमेंटचा होणार असेल तर बुंध्याभोवती एक मीटर बाय एक मीटर माती मोकळी सोडायला ठेकेदाराला काम सुरू असतानाच सांगा. नंतर फोडून मिळत नाही.

झाड वाढून छाटणीची वेळ आली, तर उद्यान विभागाकडच्या अर्जासोबत हे लागतं:

- झाडाचं वर्णन: जात, संख्या, छातीच्या उंचीवर खोडाचा घेर
- झाडाची जागा दाखवणारा साधा नकाशा, जवळच्या खुणेसकट
- छाटणीचं कारण, नेमक्या शब्दांत ("त्रास होतो" असं मोघम नको, कोणती फांदी, कशाला टेकते ते लिहा)
- दोन-तीन बाजूंचे फोटो
- ओळखपत्र आणि मालमत्ता कराच्या पावतीची प्रत

२०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड कायद्यानं वारसा वृक्ष ठरतं, आणि तोडायची परवानगी मिळालीच तर झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. जुन्या कवठाच्या किंवा चिंचेच्या बाबतीत म्हणून आधी छाटणीचाच अर्ज करा. पोचपावती मागून घ्या, तिच्यावर आवक क्रमांक आहे का ते खिडकीवरच पाहा, आणि छाटणी फळ उतरल्यानंतरची मागा.